हयातीचा दाखला : परदेशातील उतारवय आणि त्याची कागदपत्रे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



नोव्हेंबर महिना उजाडला, की सातारा आणि सांगलीच्या बँकांमध्ये सकाळपासूनच एक निराळी गर्दी दिसू लागते. टोपी सावरीत आलेले निवृत्त गुरुजी, नातवाचा हात धरून आलेल्या आजी, कुणी रिक्षातून उतरवून आणलेले वयोवृद्ध. ही मंडळी पैसे काढण्यास आलेली नसतात. आपण जिवंत आहोत, एवढेच सांगण्यासाठी ती आलेली असतात. जिल्हा कोषागाराकडून आलेल्या यादीत आपल्या नावापुढे सही करावयाची, सही येत नसेल तर अंगठा उठवावयाचा, की निवृत्तिवेतन पुढे वर्षभर चालू राहते. यालाच हयातीचा दाखला म्हणतात.

अलीकडे या यादीतील काही नावांपुढची जागा रिकामी राहते. त्या नावाचे गृहस्थ हयात असतात, प्रकृतीने ठणठणीतही असतात; पण त्या वेळी ते न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या एखाद्या उपनगरात नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोचवीत असतात. पुढे निवृत्तिवेतन थांबते, सातारहून फोन जातो, आणि जिवंत माणसाने स्वतःच्या जिवंतपणाचा पुरावा सातासमुद्रापलीकडून कसा धाडावा, याची धावपळ सुरू होते. आजच्या व्याख्यानाचा विषय ही धावपळ आणि तिच्यामागे दडलेला एक प्रश्न, हा आहे.

ही पिढी परदेशी कशी पोचली, हे आधी पाहिले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. त्या संस्थेच्या व तिच्यासारख्या इतर संस्थांच्या शाळांतून खेड्यापाड्यांतील मुले शिकली व त्यांतील कितीतरी पुढे शिक्षक झाली. या शिक्षकांच्या मुलांसाठी सांगलीत १९४७ साली स्थापन झालेले आणि आज वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय होते. तेथून पदवी घेतलेली मुले पुणे-मुंबईस गेली, आणि संगणकाच्या लाटेबरोबर त्यांतील बरीचशी अमेरिकेस पोचली. वडील शाळेत, मुलगा अभियांत्रिकीत, नातू परदेशात, असा हा तीन पिढ्यांचा प्रवास आहे. समाजाने याचा अभिमान बाळगला तो योग्यच होय. मात्र या प्रवासाच्या शेवटी वडिलांचे काय होणार, याचा हिशेब त्या वेळी फारसा कुणी मांडला नव्हता.

विषय समजण्यासाठी तासगाव तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी डोळ्यांसमोर आणाव्यात. त्यांना गुरुजी आणि काकू म्हणू. गावाकडे थोडी द्राक्षबाग, सांगलीत एक लहानसे घर, बँकेत मुदत ठेवी, दरमहा निवृत्तिवेतन. मुलगा अमेरिकेचा नागरिक झालेला. हे जोडपे कल्पित असले, तरी त्याच्यासारखी घरे या सभागृहातील प्रत्येकाच्या परिचयाची आहेत.

पहिला प्रवास बहुधा सुनेच्या बाळंतपणासाठी होतो. व्हिसा दहा वर्षांचा मिळतो आणि तेथेच पहिला गैरसमज होतो. व्हिसावरील तारीख ही दारापर्यंत येण्याची परवानगी असते. आत किती दिवस राहावयाचे, हे विमानतळावरील अधिकारी ठरवितो. पाहुण्यांना सहसा सहा महिने मिळतात आणि ती तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते. बाळाचे जावळ झाल्यावर निघू, असे म्हणत ही तारीख ओलांडणारे आहेत. मुदतवाढ हवी असल्यास अर्ज मुदत संपण्यापूर्वी करावा लागतो. मुदत ओलांडून राहिल्यास तो दहा वर्षांचा व्हिसाच रद्द ठरतो, हे अनेकांना पुढच्या वेळी समजते.

दोन-तीन वेळा असे येणे-जाणे झाले, की मुलगा म्हणतो, “आता दरवेळी ही दगदग नको, तुमचे ग्रीन कार्डच करून टाकू.” अमेरिकन नागरिकाचे वय एकवीस पूर्ण असेल, तर त्याच्या आई-वडिलांना रांगेत वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही, वार्षिक संख्येची मर्यादा त्यांना लागू नाही. मात्र आईचा अर्ज वेगळा आणि वडिलांचा वेगळा. येथून जुन्या कागदांचा शोध सुरू होतो, आणि आपल्या भागाचा इतिहास पेटीतून बाहेर येऊ लागतो.

गुरुजींची जन्मतारीख १ जून. काकूंचीही १ जून. त्यांच्या वर्गातील निम्म्या मुलांची तीच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती तारीख. खरी तारीख आईला तिथीने, नाहीतर पाऊसपाण्यावरून आठवत असे. जन्माची नोंद चावडीत झालीच असेल असे नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्यापूर्वी जन्मलेल्या पुष्कळांच्या नावे दाखला सापडत नाही. मग नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जाणत्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे अशी जुळणी करावी लागते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा लिहिलेला असतो ‘दक्षिण सातारा’. पारपत्रावर जन्मस्थान सांगली. परदेशातील अधिकाऱ्यास ही दोन गावे वाटतात, आणि तरुण मुलालाही यातील मेख ठाऊक नसते. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातील तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे तासगावात १९४७ साली जन्मलेला माणूस सातारा जिल्ह्यात जन्मला, दक्षिण सातारा जिल्ह्यात शिकला आणि सांगली जिल्ह्यातून निवृत्त झाला, तोही घराचा उंबरठा न बदलता. अशा माणसाने हे तीन ओळींचे स्पष्टीकरण इंग्रजीत टंकून अर्जासोबत जोडलेले बरे.

काकूंची अडचण याहून नाजूक. माहेरचे नाव एक, लग्नात ठेवलेले नाव दुसरे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. पारपत्रावर तिन्ही बदललेली. नावाचा एकही शब्द जुळत नाही आणि तीच व्यक्ती आहे हे सिद्ध करावयाचे आहे. लग्नपत्रिका जपून ठेवली असेल तर तीही उपयोगी पडते. राजपत्रातील नामबदलाची नोंद असेल तर काम सुकर होते. गुरुजींच्या बाबतीत ‘आप्पासाहेब’ यातील ‘साहेब’ कुठे जोडून, कुठे तोडून, कुठे गाळून लिहिलेले. मायेने दिलेली ही संबोधने संगणकाला कळत नाहीत. पारपत्र, आधार, पॅन, बँकेचे खाते आणि निवृत्तिवेतनाचा आदेश या पाच ठिकाणी नाव एकाच तऱ्हेने लिहिले आहे ना, एवढे जाण्यापूर्वी पाहिले, तर पुढचा अर्धा त्रास वाचतो. हे काम सांगलीत आठवड्यांचे असते. परदेशातून ते वर्षाचे होते.

ग्रीन कार्ड हातात पडते. घरात पेढे वाटले जातात. आणि खऱ्या प्रश्नाला येथून सुरुवात होते.

ग्रीन कार्ड हा कायम रहिवासाचा परवाना आहे. ये-जा करण्याचा सोयीचा पास तो नव्हे. हा भेद पुष्कळ कुटुंबांच्या लक्षात येत नाही. ज्याला तो परवाना दिला, त्याचे घर अमेरिकेत आहे, असे तो कायदा गृहीत धरतो. एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परवाना सोडून दिला, असे मानले जाऊ शकते. दीर्घकाळ बाहेर राहणे अटळ असेल तर पुनर्प्रवेशाचा परवाना घेता येतो; तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. सांगलीत आल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. दर काही महिन्यांनी पंधरा दिवस तोंड दाखवून परत आले म्हणजे भागले, असाही समज आहे. तोही खरा नाही. विमानतळावरील अधिकारी दिवस मोजतोच; शिवाय तो एक साधा प्रश्न विचारतो : आपले घर कोठे?

गुरुजी या प्रश्नावर अडखळतात. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. उत्तर ठरलेले नाही म्हणून.

आणि हाच प्रश्न निरनिराळ्या वेशांत पुढे येत राहतो. भारताचे आयकर खाते विचारते, आर्थिक वर्षात भारतात किती दिवस होता? १८२ दिवस किंवा अधिक असतील तर निवासी. परकीय चलनाचा १९९९ चा कायदा दिवसांबरोबर हेतूही पाहतो : माणूस अनिश्चित काळासाठी परदेशी राहण्यास गेला असेल, तर तो अनिवासी. मग त्याचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. निवृत्तिवेतन त्या खात्यात जमा होऊ शकते. मात्र तेथील व्याजावर तीस टक्के आणि वर अधिभार-उपकर अशी उद्गम करकपात होते. ज्येष्ठ नागरिकांची जी बचत योजना निवृत्तांना मोठा आधार वाटते, तिच्यात अनिवासी व्यक्तीला नवे खाते उघडता येत नाही. उलट बाजूने अमेरिकेचा कर कायदा ग्रीन कार्डधारकाच्या जगभरातील उत्पन्नाचा हिशेब मागतो. सर्व परदेशी खात्यांतील रकमा मिळून वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरांच्या वर गेल्या, तर त्यांची माहिती देणे बंधनकारक आहे. आयुष्यभर काटकसर करून सांगलीच्या बँकेत ठेवलेल्या ठेवी त्या देशाच्या दृष्टीने ‘परदेशी खाती’ होतात, हे ऐकून गुरुजींना काही काळ हसावे की रडावे हेच कळत नाही. यात लपविण्यासारखे काही नसते; परंतु न सांगणे हाच दोष ठरतो आणि त्याचा दंड जबर असतो. दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या करसल्लागाराची फी ही अशा वेळी उधळपट्टी समजू नये.

येथे आपल्या परंपरेतील एका गोष्टीचे स्मरण होते. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत सांगितले आहे. दहा दिशांना आपण किती दूरपर्यंत जाणार, याची आयुष्यभराची मर्यादा दिग्व्रतात घालून घ्यावयाची. आणि त्यातही अमुक काळासाठी अमुक क्षेत्र, असा संकोच देशव्रतात करावयाचा. किती दूर आणि किती काळ, हे दोनच प्रश्न व्रत घेणाऱ्याने स्वतःस विचारावयाचे असतात. व्हिसाचा अर्जही हेच दोन प्रश्न विचारतो. फरक एवढाच, की व्रतात उत्तर माणूस स्वतः देतो आणि अर्जात ते बहुधा मुलगा भरतो. शास्त्राची सांगड दूतावासाच्या खिडकीशी घालण्याचा हा खटाटोप कुणास विनोदी वाटेल; पण मर्यादा आपली आपण ठरविण्याची सवय ज्या समाजाच्या आचारातच आहे, त्याच समाजातील वृद्धांनी हा निर्णय इतरांवर सोपवावा, हे काहीसे विचित्रच म्हणावे लागेल.

पुन्हा हयातीच्या दाखल्याकडे वळू. परदेशी राहणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाने तेथील भारतीय वकिलातीचा अधिकारी, नोटरी, दंडाधिकारी किंवा बँक अधिकारी यांच्यासमोर सही करून दाखला पाठवावा, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही आधारवर आधारलेली सोय सुरू झाली आणि पुढे चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची व्यवस्थाही आली. सोय चांगलीच आहे. पण आधारचा सांकेतिक क्रमांक येतो भारतीय भ्रमणध्वनीवर. परदेशी क्रमांक आधारला जोडता येत नाही. आणि गुरुजींचा भारतीय क्रमांक सहा महिने पैसे न भरल्याने केव्हाच बंद पडलेला असतो. तो दुसऱ्या कुणाला दिलाही गेलेला असतो. बँकेचा निरोप, आधारचा निरोप, आयकराचा निरोप, सारे त्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजत राहतात. महिन्याकाठी काही रुपये भरून तो क्रमांक जिवंत ठेवणे, हा गुरुजींच्या हयातीचाच एक भाग झाला आहे. कोणत्या स्वरूपाचा दाखला चालेल, हे आपल्या बँकेकडून आणि कोषागाराकडून निघण्यापूर्वी विचारून, शक्य तर लिहून घ्यावे. उशीर झाला तरी घाबरण्याचे कारण नाही; दाखला पोचल्यावर थकलेली रक्कम मिळते. पण दरम्यान चार-सहा महिने नातवाच्या खाऊसाठीसुद्धा मुलाकडे हात पसरावा लागतो आणि ज्याने उभे आयुष्य स्वतःच्या पगारावर काढले, त्याला ते फार लागते.

शेतीचा विषय सातारा-सांगलीकरांना सर्वांत जिव्हाळ्याचा. अनिवासी भारतीयास शेतजमीन विकत घेता येत नाही. जी आहे ती ठेवता येते, वारसाने आलेली घेता येते. विकावयाची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकावी लागते. सातबारा आता घरबसल्या संगणकावर पाहता येतो, २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळतो; त्यामुळे आपल्या नावापुढे कुणाचे नाव चढले आहे काय, हे शिकागोत बसूनही दिसते. दर महिन्यास पंचांग पाहावे तसे ते पाहावे. पीक-पाणी, बँक, वीज यांसाठी पुतण्यास किंवा भावास कुलमुखत्यारपत्र द्यावे लागते. परदेशात केलेले असे पत्र वकिलातीत साक्षांकित करून किंवा नोटरी व अपोस्टिल करून पाठवावे आणि येथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा. हे पत्र ठरावीक कामापुरतेच लिहावे. ‘सर्व अधिकार’ या दोन शब्दांनी सख्ख्या भावांची तोंडे एकमेकांना पारखी झाल्याची उदाहरणे दूर शोधण्यास जावयास नको. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर हे पत्रही संपते, हे तर अनेकांना ठाऊकच नसते.

कागदांचा पसारा असा, आणि दिवस?

दिवस लांब असतो. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत. रस्त्याला पदपथ नाही, मोटार चालविता येत नाही, शेजारी बंद दारांमागे. सांगलीत ज्यांच्या ओट्यावर सकाळी चार माणसे टेकत, ते गुरुजी खिडकीतून टपालाच्या गाडीची वाट पाहतात. रविवार मात्र बरा जातो. उत्तर अमेरिकेतील जैन संघटनांचा महासंघ ‘जैना’ १९८१ मध्ये स्थापन झाला. १९८३ मध्ये आचार्य सुशीलकुमारजींनी न्यू जर्सीत सिद्धाचलम् उभारले. इंग्लंडमधील लेस्टरच्या जिनमंदिराची प्रतिष्ठा १९८८ मध्ये झाली. तेथील अनेक मंदिरांत दिगंबर आणि श्वेतांबर प्रतिमा एकाच छताखाली विराजमान आहेत. गावाकडे जे भेद पिढ्यान्‌पिढ्या जपले, ते तेथे वाहनतळाच्या आणि वर्गणीच्या अडचणीपुढे आपोआप विरघळले. यावर अधिक भाष्य करण्याचे हे स्थळ नव्हे. बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ चेच. त्याच्या मेळाव्यांत मराठी कानावर पडते आणि कुणी तासगावचा भेटला तर द्राक्षांचे भाव निघतातच.

काकूंना खरी चुटपुट वेगळीच असते. चातुर्मासात मुनिसंघ गावात आला, की पडगाहन करून आहार देण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. मुनी पायी विहार करतात. समुद्र ओलांडीत नाहीत. आचार्य तुलसींनी १९८० मध्ये समण श्रेणी सुरू केल्यापासून समणीजी परदेशी जातात, व्याख्याने होतात, मुलांचे वर्ग चालतात. ते सारे चांगले आहे. परंतु दारात उभे राहून मुनींची वाट पाहणे त्यात नाही. दानाला पात्र मिळू नये, ही खंत कोणत्याही अर्जाच्या रकान्यात भरता येत नाही.

रात्रिभोजनत्यागाचे गणितही बदलते. सांगलीत सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या, तर जूनमध्ये सातच्या सुमारास. वर्षभरात तासाभराचाच फरक. शिकागोत जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला. लंडनमध्ये डिसेंबरचा सूर्य आठला उगवून चारच्या आधीच बुडतो. नवकारशी पाळणाऱ्याने सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे सोडली, तर जेवणास उरतात सात तास. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने हे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांस आधी सांगून औषधाच्या वेळा बदलून घेतल्या पाहिजेत. श्रद्धेपोटी परस्पर औषध गाळणे धोक्याचे आहे. औषधांच्या कॅप्सूलचे वेष्टन आणि चीजमधील रेनेट यांविषयी विचारण्यास संकोचू नये. तेथे असे विचारणाऱ्यास कुणी हसत नाही, ही त्या देशाची एक चांगली बाजू होय.

आजारपण हा सर्वांत खर्चाचा भाग. पाहुणा म्हणून जाताना घेतलेला विमा बहुधा आधीपासूनच्या आजारांस लागू नसतो, आणि या वयात आजार आधीपासूनचेच असतात. ‘मेडिकेअर’ ही ज्येष्ठांची सरकारी योजना नव्याने आलेल्या ग्रीन कार्डधारकास लगेच मिळत नाही. पासष्ट वर्षांनंतर आणि पाच वर्षे सलग वास्तव्य झाल्यावर हप्ता भरून तिच्यात प्रवेश मिळतो. सलग वास्तव्य, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. रुग्णालयात दुभाष्या मागता येतो. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर ती जबाबदारी आहे. हिंदीचा दुभाष्या पुढे केला तर मराठीचा मागावा. काकूंचे दुखणे सुनेच्या किंवा नातवाच्या तोंडून डॉक्टरांस सांगावे लागू नये, एवढी अब्रू प्रत्येक वृद्धेची राखली गेली पाहिजे.

शेवटचा कागद असा आहे, की त्याचे नाव घरात कुणी काढीत नाही. अमेरिकेच्या १९९० च्या एका कायद्यामुळे रुग्णालये दाखल होणाऱ्या प्रौढ रुग्णास विचारतात : अंतसमयी कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आपण लिहून ठेवले आहे काय? आपण बोलू शकलो नाही, तर आपल्या वतीने कुणी बोलावयाचे? उत्तर कोरे असेल, तर यंत्रे लावली जातात, नळीने अन्न जाते, आणि दाराबाहेर मुलगा व मुलगी यांच्यात मतभेद होतो. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने अशा पूर्वलिखित इच्छापत्रास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखनेने देह ठेवला, ते दर्शन घेऊन आलेल्यांच्या आठवणी या भागातील घराघरांत सांगितल्या गेल्या आहेत. सल्लेखना हे गुरूच्या सान्निध्यात, सावधपणे, क्रमाने घ्यावयाचे व्रत आहे; रुग्णालयाचा छापील अर्ज म्हणजे सल्लेखना नव्हे, ही गल्लत कुणी करू नये. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्यास गुन्हा ठरविले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली, तेव्हा या देशातही विषय किती नाजूक आहे, हे सर्वांनी पाहिले. परदेशातील डॉक्टरांस तर ‘णमोकार ऐकत शांतपणे जाऊ द्या’ हे कुणी लिहून दिल्याखेरीज कसे कळावे?

काकूंनी हा अर्ज मुलाकडून भरून घेतला नाही. दुभाष्यामार्फत प्रत्येक ओळ समजून घेतली आणि मराठीत सही केली, असे कल्पिले तर ते अशक्य नाही. सही कोणत्याही लिपीत चालते.

मृत्यू परदेशी झाल्यास भारतीय नागरिकाची नोंद वकिलातीत करून पारपत्र रद्द करून घ्यावे लागते. जैन परंपरेत अस्थिविसर्जन हा आवश्यक संस्कार नसला, तरी कुणास अस्थी गावी आणावयाच्या असतील तर मृत्यूचा व दहनाचा दाखला आणि वकिलातीचे पत्र सोबत हवे. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती दहा तरी घ्याव्यात. सातबाऱ्यावरील वारस नोंद, बँक आणि कौटुंबिक निवृत्तिवेतन, प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत मागतात आणि अपोस्टिल केलेली मागतात.

राहता राहिला तो घराचा प्रश्न. त्याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही. काहींनी पाच वर्षे पूर्ण करून नागरिकत्व घ्यावे. त्याबरोबर भारतीय नागरिकत्व संपते, पारपत्र परत करावे लागते आणि मग २००५ मध्ये सुरू झालेले परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड काढून निर्वेध येता येते. काहींनी ग्रीन कार्ड परत करावे. त्याचाही रीतसर अर्ज असतो आणि ते परत करून पुन्हा पाहुण्याच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो, यात अपमान काही नाही. मुलाला वाईट वाटेल म्हणून नको असलेले कार्ड जपत राहणे, हे मात्र दोघांनाही जाचते.

आणि काहींनी वर्षाची आखणीच करून टाकली आहे. भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या आधी सांगलीस यावयाचे. ऑक्टोबरात बागेची छाटणी डोळ्यांदेखत करून घ्यावयाची. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जाऊन यादीवर सही करावयाची, त्याच फेरीत नव्याने निघालेले कागद पाहावयाचे, दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन यावयाचे. पहिली द्राक्षे उतरली, की सहा महिने भरण्यापूर्वी परतीचे विमान. परतताना हातातल्या पिशवीत, मोठ्या सामानात नव्हे, एक जाड लिफाफा असतो : पारपत्रे, निवृत्तिवेतनाचा आदेश, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि तळाशी घडीवर फाटत आलेला, ‘जि. दक्षिण सातारा’ असे लिहिलेला शाळेचा दाखला.